पीआर, नागरिकत्व आणि सातबाऱ्यावरचे नाव

या खेपेस आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच पेचाची असल्यामुळे इतर प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून ठेवले आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची नावे दिलेली नाहीत आणि पत्रे जागेअभावी थोडी आटोपती केली आहेत.

प्रश्न : रावेर तालुक्यात आमची साडेनऊ एकर बागायत आहे, त्यात मुख्यतः केळी, थोडी हळद. धाकटा मुलगा शेती पाहतो. मोठा मुलगा सहा वर्षांपासून कॅनडात आहे आणि त्याला पीआर मिळून चार वर्षे झाली. आता तो तिथल्या नागरिकत्वासाठी अर्ज करायचा म्हणतो. पन्नाशीनंतर वर्षातले सात-आठ महिने गावी राहायचे आणि उरलेले दिवस नातवंडांसाठी तिकडे, असा त्याचा बेत आहे. भाऊबंद मात्र सांगतात की परदेशी नागरिक झाला की सातबाऱ्यावरचे नाव कमी होते. म्हणून मी त्याला पीआरवरच थांबायला सांगतो, तर तो म्हणतो, ‘नाना, पीआरवर थांबलो तर मला गावी राहताच येणार नाही.’ हे कोडे मला उलगडत नाही. तसेच माझ्या हयातीतच दोघा मुलांच्या नावे बक्षीसपत्र करून मोकळे व्हावे, असाही विचार आहे. आपला सल्ला कळवावा.
— एक केळी उत्पादक, रावेर तालुका

उत्तर : कोडे वाटावे असेच हे आहे, परंतु आपल्या मुलाचे म्हणणे बरोबर आहे. पीआर म्हणजे पासपोर्ट आपला ठेवून त्या देशात कायम राहण्याची मिळालेली परवानगी, आणि परवानगी राहण्याची असल्यामुळे तिथे राहणे हीच तिची अट असते. कॅनडाच्या नियमानुसार कोणत्याही पाच वर्षांच्या काळात किमान ७३० दिवस त्या देशात प्रत्यक्ष काढावे लागतात. आपल्या मुलाच्या बेताचाच हिशेब करून पाहावा. मृगबागेच्या (केळीच्या पावसाळी हंगामाच्या) लागवडीला जूनमध्ये यायचे आणि कांदेबाग (केळीचीच पावसाळ्यानंतरची लागवड) मार्गी लागल्यावर जानेवारीच्या अखेरीस परतायचे, असे त्याने ठरवले तर वर्षाचे सुमारे १२० दिवस कॅनडात जातील. पाच वर्षांचे झाले ६००, म्हणजे १३० दिवस कमी. पीआरचे कार्ड पाच वर्षांसाठी दिले जाते आणि त्याची मुदत संपल्याने दर्जा आपोआप जात नसला, तरी नव्या कार्डाचा अर्ज करताना किंवा विमानतळावर हे दिवस मोजले जातात, आणि भरले नाहीत तर दर्जा काढून घेण्याची कारवाई होऊ शकते. नागरिकाला मात्र दिवस मोजावे लागत नाहीत. तो दहा वर्षे सलग रावेरात राहिला तरी त्याचे नागरिकत्व तेवढ्याने जात नाही.

म्हणूनच ज्याला कायम तिकडेच राहायचे आहे त्याचे पीआरवर भागते, आणि ज्याचे मन गावाकडे ओढ घेते त्याला परदेशी नागरिकत्व अधिक सोयीचे पडते, असा हा उलटा न्याय आहे. ‘मुलाने नागरिकत्व घेतले म्हणजे तो आता आपला राहिला नाही’ असे आपल्याकडच्या ओट्यांवर सर्रास बोलले जाते. ते मनाला लावून घेऊ नये, कारण आपल्या मुलाच्या बाबतीत तरी हा अर्ज परत येण्यासाठीच चालला आहे.

कॅनडाच्या नागरिकत्वासाठी अर्जाच्या आधीच्या पाच वर्षांत १०९५ दिवस तिथे राहिलेले असावे लागतात. पीआरपूर्वी विद्यार्थी किंवा कामगार परवान्यावर काढलेला प्रत्येक दिवस अर्धा धरला जातो, पण या मार्गाने जास्तीत जास्त ३६५ दिवसच पदरात पडतात. त्या पाचांपैकी किमान तीन वर्षांची प्राप्तिकर विवरणे भरलेली लागतात, आणि १८ ते ५४ या वयात भाषेचे ज्ञान दाखवून त्या देशाविषयीची परीक्षा द्यावी लागते. चार वर्षे पीआरवर काढलेल्या माणसाला यात फारशी अडचण येऊ नये.

आता दुसरे पारडे. कॅनडा दुहेरी नागरिकत्व मान्य करतो, पण भारत करत नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेताच भारताचे नागरिकत्व संपते, आणि ते पासपोर्ट परत केल्याच्या दिवशी संपत नाही, तर तिकडचे नागरिकत्व लागू होते त्याच क्षणी संपते. त्यानंतर भारताचा पासपोर्ट वाणिज्य दूतावासाकडे जमा करून दाखला घ्यायचा आणि ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डासाठी अर्ज करायचा, असा क्रम आहे. त्या कार्डाच्या नावात ‘नागरिक’ हा शब्द असला तरी ते नागरिकत्व नव्हे. तो आयुष्यभराचा व्हिसा आहे, त्यावर कितीही वेळा यावे, कितीही दिवस राहावे, पोलिसांकडे किंवा परकीय नोंदणी कार्यालयात नाव नोंदवावे लागत नाही. मात्र मतदान करता येत नाही, कोणतीही निवडणूक लढवता येत नाही आणि सर्वसाधारणपणे सरकारी नोकरी मिळत नाही. पन्नाशीनंतर गावी येऊन सरपंचपदाला उभे राहण्याची हौस आपल्या चिरंजीवांना असेल, तर ती आताच विचारून घ्यावी. (पीआरवर असणाऱ्या भारतीय नागरिकाला अर्ज क्रमांक ६-अ भरून मतदार यादीत नाव ठेवता येते, पण मत द्यायला स्वतः गावच्या केंद्रावर यावे लागते, त्यासाठी विमानाचे तिकीट काढणारे किती असतील हा प्रश्न वेगळा.)

जमिनीविषयी आपल्या भाऊबंदांनी जे सांगितले त्यात तथ्य नाही, पण ज्याची खरी काळजी करायला हवी ते त्यांनी सांगितलेले नाही. परदेशी नागरिक झाल्याने सातबाऱ्यावरचे नाव कमी होत नाही, जमीन सरकारजमा होत नाही आणि हिंदू वारसा कायद्याखालचे वारसपणही जात नाही. आपल्या पश्चात ओसीआय कार्डधारक मुलाची वारस नोंद तशीच लागते जशी धाकट्याची लागेल, आणि आपल्याला मुली असतील तर त्यांचीही. परकीय चलन व्यवस्थापन कायदा, ज्याला सगळे फेमा म्हणतात, त्याखालील नियमांनी भारतात राहणाऱ्या माणसाकडून वारशाने शेतजमीन मिळायला मुभा दिलेली आहे.

त्याच नियमांनी मुभा दिलेली नाही ती शेतजमीन विकत घ्यायला आणि बक्षीस म्हणून स्वीकारायला. ही बंदी ओसीआय कार्डधारकाला जशी आहे तशीच परदेशात राहणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकालाही आहे. म्हणजे आपला मुलगा पीआरवर थांबला तरी आज तो शेजारचा अर्धा एकर विकत घेऊ शकत नाही. आपल्या बक्षीसपत्राच्या विचारातला धोका नेमका इथे आहे. धाकट्याच्या नावे बक्षीसपत्र करायला काही आडकाठी नाही, पण मोठ्याच्या नावे शेतजमिनीचे बक्षीसपत्र करू नये, मग त्याच्या हाती पासपोर्ट कोणताही असो. त्याऐवजी दोघांचे हिस्से, गट क्रमांक, विहीर, पाइपलाइन आणि बांधावरची वाट यांच्या स्पष्ट उल्लेखासह मृत्युपत्र करावे आणि ते नोंदवून ठेवावे. जमीन स्वकष्टार्जित आहे की वडिलोपार्जित, यावर आपल्याला किती हिस्स्याचे मृत्युपत्र करता येईल हे ठरते. तेव्हा जुने फेरफार काढून वकिलांना दाखवल्याशिवाय मजकूर पक्का करू नये.

पुढे कधी मोठ्याला आपला हिस्सा विकायचा झाला तर घेणारा भारतात राहणारा भारतीय नागरिक असला पाहिजे, आणि आपल्याकडे लागू असलेल्या १९४८ च्या कुळकायद्याच्या कलम ६३ मुळे तो शेतकरीही असला पाहिजे. धाकटा भाऊ या दोन्ही अटींत बसतो.

पीआर आणि नागरिकत्व यांच्यात जमिनीच्या बाबतीत खरा फरक पडतो तो माणूस कायमचा परतल्यावर. भारतीय पासपोर्ट ठेवून जो कायमचा गावी आला, तो फेमाच्या दृष्टीने पुन्हा भारतातला रहिवासी होतो आणि शेतकरी या नात्याने जमीन विकत घेऊ शकतो. ओसीआय कार्डधारकांच्या हक्कांविषयी ४ मार्च २०२१ रोजी निघालेल्या अधिसूचनेत स्थावर मालमत्तेच्या खरेदीतून शेतजमीन, फार्महाउस आणि मळ्याची जमीन वगळली आहे, त्यामुळे तो कार्डावर गावी कितीही वर्षे राहिला तरी वारशाने आलेले राखील, पण नवे घेऊ शकणार नाही. साडेनऊ एकरांचे पंधरा करायचे स्वप्न असेल तर ते धाकट्याने पाहावे. अगदीच गरज पडली तर पाच वर्षे ओसीआय कार्डधारक राहिलेल्या आणि अर्जाआधी वर्षभर भारतात वास्तव्य केलेल्या व्यक्तीला भारतीय नागरिकत्वासाठी पुन्हा अर्ज करता येतो. त्यासाठी अर्थातच कॅनडाचे नागरिकत्व सोडावे लागते, आणि अर्ज मंजूर करणे शासनाच्या हाती असते.

आणखी एक शक्यता आपल्या पत्रात नाही, पण सुचवावीशी वाटते. नवरा-बायको दोघांनी एकाच वेळी नागरिकत्व घेतले पाहिजे असे नाही. पीआर असलेली व्यक्ती आपल्या कॅनेडियन नागरिक जोडीदारासोबत देशाबाहेर राहिली, तर ते दिवसही ७३० च्या हिशेबात धरण्याची तरतूद तिथल्या कायद्यात आहे. मुलाने नागरिकत्व घेतले आणि सूनबाईंनी भारतीय पासपोर्ट ठेवला, तर दोघांनाही गावी राहणे जमू शकते. अशा वेळी एकत्र राहिल्याचे पुरावे, म्हणजे तिकिटे, पासपोर्टवरचे शिक्के, बँकेची कागदपत्रे, जपून ठेवावी लागतात.

शेवटी तारखांविषयी, कारण सगळी गडबड इथेच होते. शपथविधी ऑनलाइन असेल तर पीआरचे कार्ड कॅमेऱ्यासमोर कात्रीने कापायला सांगतात. त्या क्षणापासून पीआर नाही, भारताचे नागरिकत्व नाही, आणि कॅनडाचा पासपोर्ट अजून हाती आलेला नाही. माझ्या एका स्नेह्यांच्या मुलाने मे महिन्यात अशी शपथ घेतली आणि चौथ्या दिवशी त्याच्या वडिलांना जळगावात अतिदक्षता विभागात दाखल करावे लागले. जुना पासपोर्ट टेबलावर होता, त्यावर सात वर्षांची मुदत छापलेली होती, आणि तो वापरणे हा गुन्हा ठरला असता. त्याने तो वापरला नाही. नवा पासपोर्ट आणि त्यावर भारताचा व्हिसा हाती येईपर्यंत दशक्रिया उलटून गेली होती. म्हणून आपल्या मुलाने शपथेची तारीख मिळाली की त्या सुमारास घरात लग्न, शस्त्रक्रिया किंवा खरेदीखत असे काही नाही ना, हे आधी विचारावे. त्या मधल्या काळात इथे त्याच्या सहीची गरज पडणार असेल, तर कुलमुखत्यारपत्र आधीच करून पाठवावे. परदेशात केलेले असे पत्र महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते.

प्रश्न : मी अमळनेर येथील निवृत्त शिक्षिका आहे. यजमानांची सहा एकर कापसाची शेती आहे. आमची मुलगी न्यू जर्सीत असून तिने गेल्या वर्षी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले. आता ती आम्हा दोघांसाठी ग्रीन कार्डाचा अर्ज करायचा आग्रह धरते आहे. आमचा विचार वर्षातून चार-पाच महिने तिच्याकडे आणि बाकी इथेच राहण्याचा आहे. ग्रीन कार्ड घ्यावे का?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्यामुळे आपल्या कन्येचा हिरमोड होणार असला तरी तिला ते कारणांसह सांगावे.

तिचा हक्क खरा आहे. ग्रीन कार्डधारकाला आई-वडिलांसाठी अर्ज करता येत नाही. वयाची २१ वर्षे पूर्ण केलेल्या नागरिकालाच तो करता येतो, आणि अशा अर्जांना वार्षिक कोट्याची रांगही नसते. (कॅनडात असे नाही, तिथे आई-वडिलांना बोलावण्याच्या बाबतीत पीआर आणि नागरिक यांच्यात भेद नाही.) परंतु जे मिळते ते आपल्याला हवे आहे का, हा प्रश्न आहे. ग्रीन कार्ड म्हणजे येण्या-जाण्याचा पास नव्हे. आपले घर आता अमेरिकेत आहे, असे त्या सरकारला दिलेले ते वचन आहे. वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिल्यास कार्ड असूनही प्रवेश अडतो, सहा महिन्यांहून अधिक राहिल्यास विचारपूस होऊ शकते, आणि दरवर्षी सात-आठ महिने अमळनेरात काढणाऱ्या माणसाने घर अमेरिकेत केले आहे, हे कोणत्याही अधिकाऱ्याला पटवणे अवघड जाईल. परतीचा विशेष परवाना दोन वर्षांपर्यंतचा मिळू शकतो, पण त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो आणि तो कायमचा उपाय नव्हे.

दुसरी गोष्ट कराची, जी एजंट सांगत नाहीत. ग्रीन कार्डधारकाला जगभरातले उत्पन्न अमेरिकेच्या विवरणात दाखवावे लागते. आपले निवृत्तिवेतन, ठेवींवरचे व्याज आणि यजमानांचे कापसाचे उत्पन्न, सगळे त्यात येते. शेती उत्पन्नाला आपल्याकडे प्राप्तिकरातून सूट आहे, ती तिकडे चालत नाही. परदेशातल्या, म्हणजे त्यांच्या लेखी भारतातल्या, बँक खात्यांतली एकूण शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर त्याचे वेगळे विवरण भरावे लागते, आणि निवृत्तीच्या वेळी मिळालेली रक्कम ठेवीत असेल तर हा आकडा सहज ओलांडला जातो. वयाच्या ६५ नंतरचा सरकारी आरोग्य विमा, मेडिकेअर, पैसे भरून घ्यायचा म्हटले तरी ग्रीन कार्डधारकाला आधी पाच वर्षे सलग तिथे राहावे लागते.

चार-पाच महिन्यांच्या मुक्कामाला पर्यटक व्हिसा पुरतो. भारतीयांना तो बहुधा दहा वर्षांचा मिळतो आणि एका खेपेस साधारण सहा महिन्यांपर्यंत राहू देतात. चांगला प्रवासी आरोग्य विमा मात्र प्रत्येक खेपेस घ्यावा. आपल्यापैकी एक जण एकटे राहिले आणि कायम लेकीकडेच जायचे ठरले, तर ग्रीन कार्डाचा अर्ज तेव्हा करता येईल. मुलीचे नागरिकत्व कुठे जात नाही. पर्यटक व्हिसाचे काम ग्रीन कार्डाचा अर्ज करण्यापूर्वी उरकावे, कारण कायम राहण्याचा इरादा एकदा कागदावर आला की पर्यटक म्हणून व्हिसा मिळणे कठीण होते.

प्रश्न : मी मूळची शहाद्याची असून तीन वर्षांपासून जर्मनीत ब्लू कार्डावर (उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या परवान्यावर) अभियंता म्हणून काम करते. जर्मनीने आता दुहेरी नागरिकत्व मान्य केले आहे, त्यामुळे दोन्ही पासपोर्ट ठेवता येतील असे इथले भारतीय सहकारी म्हणतात. मग कायम वास्तव्याचा परवाना घेण्यात वेळ घालवावा का?
— एक वाचक, सध्या श्टुटगार्ट

उत्तर : आपले सहकारी अर्धेच बरोबर आहेत. २७ जून २०२४ पासून जर्मनी आपले नागरिकत्व देताना जुने सोडायला सांगत नाही आणि वास्तव्याची अटही आठांवरून पाच वर्षांवर आली, हे खरे. परंतु भारताचा कायदा तोच आहे, त्यामुळे जर्मनीने मागितला नाही तरी भारताचा पासपोर्ट परत करावा लागेल. तो खणात ठेवून देणारे आणि विमानतळावर दोन पासपोर्ट खेळवणारे महाभाग आहेत. त्यांचे अनुकरण करू नये.

परवाना जरूर घ्यावा. ब्लू कार्डधारकाला तो २७ महिन्यांनंतर, आणि जर्मन भाषा बी-१ (मध्यम) पातळीपर्यंत येत असेल तर २१ महिन्यांनंतर मिळू शकतो, म्हणजे आपण आजच पात्र असाल. त्यामुळे नोकरी बदलली किंवा गेली तरी पायाखालची जमीन हलत नाही, आणि नागरिकत्वाचा निर्णय घ्यायला निवांत वेळ मिळतो. मात्र सहा महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास हा परवाना सर्वसाधारणपणे रद्द होतो. आईच्या आजारपणात शहाद्याला मुक्काम लांबला तर तिथल्या परकीय नागरिक कार्यालयाकडून मुदत आधी वाढवून घ्यावी. जर्मन पासपोर्टाने युरोपीय संघाच्या २७ देशांत कुठेही राहता आणि काम करता येते, हे त्याचे मोठे बळ आहे. आपल्या कामाचे स्वरूप पाहता ते आपल्याला उपयोगी पडेल की नाही, हे आपणच ठरवावे.

नागरिकत्व घ्यायचे ठरलेच, तर ते प्रमाणपत्र हाती पडताच लागू होते आणि ओसीआयचा अर्ज त्यानंतर जर्मन पासपोर्ट मिळाल्यावरच करता येतो. आखाजीला माहेरी यायचे असेल, तर प्रमाणपत्र घ्यायला जाण्याची तारीख आखाजीनंतरची मागून घ्यावी.